रेव्ह. जॉन करवेन : मंडळीस स्वर वाचावयास शिकविणारे पाळक

खेड्यातील उपासनेत पुष्कळ वेळा असे घडते की, प्रचारक गीत उचलतो ते आपल्याच गळ्याच्या बेताने. पहिले कडवे कसेबसे पार पडते. दुसऱ्या कडव्यात स्वर इतका उंच जातो की स्त्रिया गप्प होतात, आणि तिसऱ्यात पुढच्या बाकावरील दोघे-तिघे तेवढे गात राहतात. नवे गीत शिकवावयाचे असल्यास ज्यास चाल ठाऊक आहे असा मनुष्य दुसऱ्या गावाहून येईपर्यंत वाट पाहावी लागते. पुस्तकात शब्द छापलेले असतात, परंतु चाल मुकी असते. ही अडचण आपल्याच मंडळ्यांची आहे असे नाही. दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडातील गोरगरिबांच्या मंडळ्याही ह्याच अडचणीत होत्या. ती दूर करण्यासाठी ज्या पाळकाने आपले आयुष्य वेचले, त्यास स्वतःला गाण्याचे अंग फारसे नव्हते. त्याचे चरित्र आपल्या वाचकांपुढे ठेवावे असे फार दिवस मनात होते.

जॉन करवेन ह्यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८१६ रोजी इंग्लंडातील यॉर्कशायर परगण्यात, हेकमंडवाइक ह्या गावी झाला. त्यांचे वडील स्पेडिंग करवेन हे स्वतंत्र मंडळ्यांपैकी, म्हणजे आज ज्यांस काँग्रिगेशनल म्हणतात त्या पंथाचे, पाळक होते. मुलानेही तोच मार्ग धरला. वायमंडलीच्या धर्मशिक्षणशाळेत ते दाखल झाले. ती शाळा पुढे लंडनला हलली, व तेथील विद्यापीठाच्या महाविद्यालयातही त्यांनी अध्ययन केले. १८३८ साली बेसिंगस्टोक येथील मंडळीत सहायक पाळक म्हणून त्यांची नेमणूक झाली. तेथे त्यांनी एक लहानशी शाळाही चालविली. मुलांस शिकविण्याची त्यांस मनापासून आवड होती. आपल्या शब्बाथशाळेतील अनुभवावरून त्यांनी नेली व्हॅनर नावाच्या एका मुलीची गोष्ट लिहिली. ती १८४० साली छापून निघाली व लोकांस फार आवडली. ही तरुण पाळकाची हकीकत येथवर इतर पुष्कळ पाळकांसारखीच आहे.

अडचण आली ती गाण्यात. शब्बाथशाळेतील मुले गाऊ लागली तर भजनात जीव येईल हे त्यांस दिसत होते, परंतु शिकवावे कोणी? त्यांस स्वतःला स्वरलेखन वाचता येत नसे, आणि ऐकलेली चाल निर्धाराने धरून ठेवण्याचीही त्यांस खात्री नव्हती. युरोपात चाल लिहिण्याची रीत अशी आहे की, पाच आडव्या रेषा ओढून त्यांवर व त्यांमधील जागांत काळे-पांढरे ठिपके मांडावयाचे. ठिपका जितका वर, तितका स्वर उंच. ही रीत चांगली आहे व वाद्य वाजविणाऱ्यास तर फारच उपयोगी आहे. परंतु जो केवळ गळ्याने गाणार, त्यास तिच्यात एक मोठे संकट आहे. तीच चाल जरा वरच्या पट्टीत लिहिली की सगळे ठिपके जागा बदलतात, आरंभी चढ्या-उतऱ्या खुणांची रांग लागते, आणि काल ओळखीचे वाटलेले गीत आज परके दिसू लागते. कानाला मात्र ते तेच असते.

आपल्या वाचकांस हे पेटीच्या उदाहरणाने चटकन समजेल. आपल्या भजनीमंडळातील गाणारा म्हणतो की माझा सा काळी एकमध्ये आहे, दुसरा म्हणतो माझा पांढरी चारमध्ये. दोघांचा सा निराळ्या पट्टीवर असला तरी दोघेही त्यास साच म्हणतात, व सा पासून मोजून रे, ग, म, प, ध, नी ठरवितात. आता अशी कल्पना करा की एखाद्या शिक्षकाने मुलांस सा-रे-ग शिकविलेच नाही, आणि पहिल्या दिवसापासून पांढरी एक, पांढरी दोन, काळी तीन अशी पट्ट्यांची नावे पाठ करावयास लावली. मुले नावे पाठ करतील, पण गातील का? करवेन ह्यांच्या काळी इंग्लंडात जॉन हुला नावाच्या गायनशिक्षकाचे मोठमोठे वर्ग १८४१ पासून भरू लागले होते. त्यांतही डो, रे, मी ही नावे ठराविक पट्ट्यांसच बांधलेली होती. साध्या पट्टीत लिहिलेली गीते शिष्यांस जमत; पट्टी बदलली की पुष्कळांची गाडी अडे.

१८४१ च्या अखेरीस हल येथे शब्बाथशाळेच्या शिक्षकांची एक परिषद भरली होती. गाणे शिकविण्याची सर्वांत सोपी व स्वस्त रीत कोणती, जेणेकरून शाळांतील व उपासनेतील गायन सुधारेल, हा प्रश्न तेथे निघाला. आणि ती रीत शोधून काढून तिचा पुरस्कार करण्याचे काम परिषदेने ह्या पंचवीस वर्षांच्या, गाण्यात कच्च्या असलेल्या पाळकावर सोपविले. सभेत ठराव होतात व पुढच्या सभेपर्यंत विसरले जातात, हा आपलाही अनुभव आहे. करवेन ह्यांनी तो ठराव जन्मभर विसरला नाही.

त्याच सुमारास त्यांच्या हाती एका बाईचे लहानसे पुस्तक आले होते. सारा ॲन ग्लव्हर ह्या नॉरिच शहरातील सरकारी चर्चच्या एका पाळकाच्या कन्या. जन्म १७८६ चा. वडिलांच्या मंडळीतील व गरिबांच्या शाळेतील मुलींस त्या पुष्कळ वर्षांपासून गाणे शिकवीत होत्या, व त्यांच्या मुली इतक्या शुद्ध गात की दुरून लोक ऐकावयास येत. त्यांनी आपली रीत १८३५ साली छापून प्रसिद्ध केली होती. भिंतीवर एक उभी शिडी टांगावयाची, तिच्या पायऱ्यांवर स्वरांची नावे लिहावयाची, आणि काठीने दाखविलेली पायरी मुलांनी गावयाची. ह्या शिडीत डो हे नाव कोणत्याही एका पट्टीस बांधलेले नव्हते. गीताचा जो आधारस्वर, तोच डो. म्हणजे आपला सा. बाकीची नावे त्यापासून मोजावयाची. रेषा नाहीत, ठिपके नाहीत, केवळ नावांची आद्याक्षरे.

ही डो, रे, मी नावे ग्लव्हरबाईंची नव्हेत, ती फार जुनी आहेत. सुमारे १०२५ च्या काळात इटलीमध्ये ग्वीदो नावाचा एक संन्यासी मठातील मुलांस भजने शिकवीत असे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाविषयीचे एक लॅटिन स्तोत्र त्यास ठाऊक होते. त्याच्या ओळी एकामागून एक चढत्या स्वरावर सुरू होत. त्या ओळींची पहिली अक्षरे घेऊन त्याने सहा स्वरांस नावे दिली : उत, रे, मी, फा, सोल, ला. पुढे उत जाऊन डो आला व सातव्या स्वरास सी हे नाव मिळाले. ग्लव्हरबाईंस ह्यात एक व्यावहारिक अडचण दिसली. आद्याक्षरांनीच लिहावयाचे म्हटले तर सोल व सी ही दोन्ही एकाच इंग्रजी अक्षराने सुरू होतात. म्हणून त्यांनी सी काढून तेथे टी बसविला. बदल लहान, पण तो केल्यावर साती स्वर साती निराळ्या अक्षरांनी लिहिता येऊ लागले. आपल्या पूर्वजांच्या सा, रे, ग, म, प, ध, नी ह्या नावांत ही सोय मुळातच आहे, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही.

करवेन ह्यांनी ते पुस्तक घेऊन प्रथम स्वतःवरच प्रयोग केला. ते ज्या घरी राहत होते तेथील एका लहान मुलाला शिडीवरून शिकवीत शिकवीत ते आपणही शिकले. थोड्याच दिवसांत त्यांच्या असे लक्षात आले की, स्तोत्राची साधी चाल कागदावरून आपल्याला आपोआप गाता येते आहे. वर्षानुवर्षे जो दरवाजा बंद होता तो एका पायरीने उघडला. माझ्या मते ह्या चरित्रातील सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे. ज्यास जन्मतः गळा असतो त्यास न येणाऱ्याची अडचण कळत नाही. तो म्हणतो, ऐक आणि म्हण. करवेन ह्यांस अडचण कोठे आहे हे ठाऊक होते, कारण ते स्वतः तेथे अडले होते. मजबरोबर धर्मशिक्षणशाळेत असलेल्या काही प्रचारकांस हे पटेल. आम्हांस स्वर, सप्तक, मात्रा, लय, सम ह्यांच्या व्याख्या परीक्षेपुरत्या पाठ करावयास लावल्या होत्या. व्याख्या लिहून गुण मिळाले, परंतु तीव्र मध्यम कानांनी ओळखावयास मला पुढे दहा वर्षे लागली.

१८४३ साली करवेन ह्यांचे शाळा व मंडळ्यांकरिता गायनाचे पुस्तक निघाले. त्यांनी ग्लव्हरबाईंची रीत जशीच्या तशी घेतली नव्हती. मोठ्या अक्षरांऐवजी लहान अक्षरे, नावांच्या उच्चारांत व स्पेलिंगांत फरक, मात्रा दाखविण्याच्या खुणा निराळ्या, असे पुष्कळ फेरफार त्यांनी केले. आणि हे फेरफार त्यांनी बाईंची अनुमती मिळण्यापूर्वीच छापील लेखांतून जाहीर करण्यास आरंभ केला होता. बाईंस हे रुचले नाही, व रुचण्यासारखे नव्हतेही. तीस वर्षे कष्टून जे उभे केले त्यास एका परक्या पंथाच्या तरुणाने हात लावावा, ह्याचे दुःख कोणास होणार नाही? करवेन ह्यांनी त्यांची क्षमा मागितली, पुस्तक त्यांच्याकडे पाठविले, आणि ही रीत मूळची कोणाची हे आपल्या लेखांतून व पुस्तकांतून पुनःपुन्हा उघड सांगितले. बाईंनी काही बदल शेवटपर्यंत मान्य केले नाहीत; आपल्या शिडीवर त्या आपल्याच पद्धतीने शिकवीत राहिल्या. तरी वैर राहिले नाही. त्या १८६७ साली वारल्या. आज पुष्कळ पुस्तकांत टॉनिक सोल्फा ह्या पद्धतीपुढे केवळ करवेन ह्यांचेच नाव लिहितात. ते अपुरे आहे, आणि खुद्द करवेन ह्यांसही ते आवडले नसते.

मध्यंतरी १८४१ पासून ते स्टोमार्केटच्या मंडळीत काम करीत होते. १८४४ साली ते लंडनच्या पूर्वेस प्लास्टो येथील मंडळीचे पाळक झाले व तेथे वीस वर्षे राहिले. पुढच्याच वर्षी त्यांचा विवाह झाला. ह्या प्लास्टोच्या मंडळीतच त्यांची पद्धती घडली, आणि ती कशी घडली हे आपल्या प्रचारकांनी लक्ष देऊन वाचावे.

त्यांचा पहिला नियम असा की, वस्तू आधी, नाव मागाहून, आणि खूण त्याच्याही मागाहून. हे तत्त्व त्यांनी स्वित्झर्लंडातील थोर शिक्षक पेस्टालोझी ह्यांच्या विचारांवरून घेतले होते. शिक्षकाने प्रथम गाऊन दाखवावयाचे, मुलांनी ऐकून गावयाचे. स्वर कानात बसला म्हणजे त्यास नाव द्यावयाचे. नाव तोंडात बसले म्हणजे ते अक्षर फळ्यावर लिहावयाचे. दुसरा नियम, एका वेळी एकच गोष्ट. ते साती स्वर एकदम शिकवीत नसत. प्रथम डो, मी, सो हे तीन. आपल्या भाषेत सा, ग, प. हे तिन्ही एकमेकांशी इतके जुळतात की अडाणी कानही त्यांस चुकत नाही. मग रे व टी, शेवटी फा व ला. तिसरा व चौथा स्वर आणि सातवा व वरचा आठवा स्वर ह्यांमधील अंतर इतर अंतरांच्या सुमारे निम्मे असते, हे मुलांस ते शिडीवर डोळ्यांनी दाखवीत. तेथील पायऱ्या जवळजवळ काढलेल्या असत. ज्याने पेटी पाहिली आहे त्यास ठाऊकच आहे की पांढरी एक सा धरली तर ग आणि म ह्यांच्या मध्ये काळी पट्टी नसते, तशीच नी व वरचा सा ह्यांच्या मध्येही नसते.

प्रत्येक स्वरास त्यांनी एक स्वभाव दिला. डो ठाम व विसाव्याचा, रे उठावणीचा, मी शांत, फा गंभीर व उदास, सो तेजस्वी, ला शोकाचा, आणि टी तीक्ष्ण, वरच्या डोकडे ओढ घेणारा. हे स्वभाव स्वर सावकाश गाइला असता जाणवतात, जलद गाण्यात ते बदलतात, असेही ते शिकवीत. आमच्या गायनशास्त्रात स्वरांस रस व भाव सांगितले आहेत, त्यांशी हे तंतोतंत जुळत नाही. तथापि खेड्यातील मुलास सातवा स्वर ओळखावयास सांगण्यापेक्षा, वर चढू पाहणारा स्वर ओळख असे सांगणे किती सोपे! १८७० च्या सुमारास त्यांनी ह्यास हाताच्या खुणा जोडल्या. डो म्हणजे आवळलेली मूठ. मी म्हणजे जमिनीसारखा सपाट आडवा धरलेला पंजा. ला म्हणजे मनगटातून सैल खाली लोंबलेला हात. टी म्हणजे वर रोखलेले बोट. शिक्षक हात हलवी आणि वर्ग गाई. फळा नको, पुस्तक नको, ज्यास वाचता येत नाही तोही ह्या वर्गात बसू शके.

तालाची सोयही अशीच साधी. जोराच्या मात्रेपूर्वी उभी रेघ, हलक्या मात्रेपूर्वी दोन टिंबे, स्वर लांबवावयाचा तर आडवी रेघ. आमच्या तबलजीस सम कोठे व खाली कोठे हे जसे हाताने दाखवावे लागते, तसे तेथे कागदावर दिसे. मात्रा तोंडाने मोजण्याकरिता टा, टाटाय असे बोल त्यांनी फ्रान्समधील एका शिक्षकाच्या पद्धतीवरून घेतले. आपल्या धा धिं धिं धा ची आठवण होते.

येथे एक गोष्ट सांगावयाची ती छापखान्याची. रेषा व ठिपके छापावयाचे तर निराळे खिळे व निराळा कारागीर लागतो, व पुस्तक महाग पडते. करवेन ह्यांची चाल साध्या अक्षरांनी व विरामचिन्हांनी लिहिलेली असल्यामुळे कोणत्याही लहानशा छापखान्यात ती जुळविता येई. गरीब मजुरास एक-दोन पेनीत चार भागांचे गीत विकत मिळू लागले. १८६३ साली त्यांनी स्वतःचा छापखानाच काढला. त्यापूर्वीच, १८५३ साली, ह्या पद्धतीच्या शिक्षकांची एक संस्था स्थापन झाली होती व तिचे एक मासिकही निघत होते. १८५८ साली पाठांचे मोठे पुस्तक तयार झाले. शिकणाऱ्यांस प्रमाणपत्रे देण्याचा क्रम त्यांनी पाडला, आणि त्यात एक कडक अट ठेविली : परीक्षा एकएकट्याची व्हावयाची. समुदायात बसून ओठ हलविणाऱ्यास प्रमाणपत्र नाही. ही अट आमच्या सर्व शाळांनी घेण्यासारखी आहे.

१८५७ च्या सप्टेंबरात लंडनच्या क्रिस्टल पॅलेस ह्या भव्य काचेच्या इमारतीत ह्या पद्धतीने शिकलेल्या सुमारे तीन हजार मुलांचे गायन झाले, व ते ऐकावयास हजारो लोक लोटले. ह्यापूर्वी पुष्कळ गायनपंडित ह्या अक्षरांच्या गाण्याची थट्टा करीत असत. त्यांचे म्हणणे असे की, ही मुले खरे संगीत कधीच वाचू शकणार नाहीत, ही कुबडी आहे. त्यांच्या म्हणण्यात काही तथ्य होते हे कबूल केले पाहिजे. ज्या गीतात आधारस्वरच घडोघडी बदलतो तेथे ही पद्धती अवघड होते, आणि वाद्यांकरिता ती सोयीची नाही. आरंभी करवेन ह्यांचा स्वतःचाही हेतू असा होता की, ही शिडी चढून शिष्याने पाच रेषांच्या लेखनाकडे जावे. परंतु अनुभवाने त्यांचे मत पालटले. असंख्य गिरणीकामगार, खाणकामगार, दाया व मोलकरणी ह्या पद्धतीने गात होत्या, आणि त्यांस पाच रेषांची गरजच पडत नव्हती. १८७२ च्या नव्या पुस्तकात त्यांनी ती अट सोडून दिली. १८६७ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात ह्या पद्धतीच्या गायकांनी बक्षीस मिळविले होते, त्यामुळे थट्टा बरीच थंडावली होती.

दरम्यान हे काम इतके वाढले की मंडळीची सेवा व हे काम दोन्ही एका मनुष्यास झेपेनात. १८६४ साली त्यांनी पाळकपदाचा राजीनामा दिला. हा राजीनामा त्यांस सोपा गेला नसावा. ज्यास एका मंडळीची वीस वर्षे सवय झाली त्यास तिचे दार मागे लावून घेणे जड जाते. पण पुढेही ते उपदेश करीत, मद्यपाननिषेधाच्या चळवळीत काम करीत, आणि आपली पद्धती ही उपासनेची दासी आहे असेच मानीत. १८७५ साली शिक्षकांकरिता त्यांचे हस्तपुस्तक निघाले, व १८७९ साली लंडनजवळ फॉरेस्ट गेट येथे त्यांच्या गायन महाविद्यालयाची इमारत उघडली.

ती इमारत त्यांस फार दिवस पाहावयास मिळाली नाही. १८८० च्या जानेवारीत त्यांची पत्नी निवर्तली. त्याच वर्षी २६ मे रोजी, मँचेस्टर शहराजवळ हीटन मर्सी येथे, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, करवेन प्रभूकडे गेले. कामाची धुरा त्यांचे पुत्र जॉन स्पेन्सर करवेन ह्यांनी पुढे चालविली.

ज्या देशांत ते स्वतः कधी गेले नाहीत तेथे त्यांची अक्षरे त्यांच्या हयातीतच पोहोचली होती. मादागास्करमध्ये लंडन मिशनचे रॉबर्ट टॉय ह्यांनी ती शिकविली. दक्षिण आफ्रिकेत मिशनच्या शाळांतून ती इतकी रुजली की, १८९७ साली इनॉक सोंटोंगा नावाच्या तेथील एका ख्रिस्ती शाळामास्तराने आफ्रिकेसाठी देवाचा आशीर्वाद मागणारे जे स्तोत्र रचिले, त्याची चाल त्याने ह्याच अक्षरांत लिहून ठेविली. त्या स्तोत्राचा भाग आज त्या देशाच्या राष्ट्रगीतात आहे. फिजी, टोंगा इत्यादी पॅसिफिक महासागरातील बेटांवर अक्षरांच्या ऐवजी आकडे वापरले गेले, पण तत्त्व तेच. इंग्लंडात मात्र विसाव्या शतकात ही पद्धती हळूहळू मागे पडली. तेथे जी राहिली ती हंगेरीतून परत आली, कारण झोल्टान कोडाय (१८८२–१९६७) ह्या थोर संगीतकाराच्या शिक्षणपद्धतीत करवेन ह्यांच्या हाताच्या खुणा थोड्या फेरफाराने घेतल्या गेल्या आणि त्या अनेक देशांतील शाळांत आज चालतात.

आपल्या महाराष्ट्रातील मंडळ्यांत काय? रेव्ह. नारायण वामन टिळकांच्या काळापासून आपल्या भजनांनी ओवी, अभंग व देशी चाली घेतल्या, हे चांगलेच झाले. ह्या चालींतील मींड व मुरकी करवेन ह्यांच्या ठोकळेबाज अक्षरांत मावत नाही. आपल्याला त्यांची अक्षरे घेण्याचे कारणही नाही, पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) ह्यांनी सा, रे, ग ह्याच अक्षरांनी लिहिण्याची सोपी रीत घालून दिली आहे, व त्यांची क्रमिक पुस्तके मूळ मराठीतच आहेत. ज्या प्रचारकाजवळ पेटी आहे त्याने येत्या रविवारी मुलांस एक प्रयोग करून दाखवावा. एखादे ओळखीचे गीत पांढरी एक सा धरून गावे, मग तेच काळी तीन सा धरून गावे, आणि दोन्ही वेळा सा-रे-ग नावांनीच म्हणवून घ्यावे. नावे बदलत नाहीत हे मुलांच्या ध्यानात येते, आणि पुढच्या खेपेस गीत उंच लागले तर सा खाली घ्या असे तीच सांगू लागतात.

करवेन ह्यांची अक्षरे आपल्या देशात जेथे खरोखर रुजली ते ठिकाण म्हणजे ईशान्येकडील डोंगराळ मुलूख. खासी टेकड्यांत वेल्स देशातील उपदेशकांनी ती नेली, कारण वेल्समधील खाणकामगारांच्या मंडळ्या ह्याच पद्धतीने गात असत. मिझो लोकांच्या डोंगरात १८९४ साली पहिले मिशनरी आले तेव्हा त्या भाषेस लिपीही नव्हती. लिपी आली, मागोमाग गीते आली, व गीतांबरोबर ही अक्षरेही आली. तेथील मंडळ्यांचे गीतपुस्तक आजही चालींसह ह्याच अक्षरांत छापले जाते, आणि उपासनेपूर्वी आधारस्वर ठरवून सारी मंडळी चार भागांत एकदम गावयास उभी राहते.